उजनीचा गळ मालवणच्या पाण्यात : खाडी, खडप आणि खोल समुद्र

उजनीच्या फुगवट्यावर चिलापी आणि मरळ धरून हात बसलेला माणूस मालवणला गेला की पहिल्या दिवशी ठरलेली चूक करतो. सावलीची जागा शोधतो, गळ टाकतो आणि बसून राहतो. धरणात ते चालतं, कारण तिथे पाणी उभं असतं आणि मासा फिरत येतो. समुद्रात पाणीच चालतं. मासा त्या चालत्या पाण्याच्या कडेला तोंड करून उभा असतो आणि पाणी थांबलं की खाणंही बहुतेक थांबवतो. म्हणून खाऱ्या पाण्यात आधी वेळ ठरवायची, मग जागा आणि शेवटी सामान. दुकानात मात्र सगळे उलट्या क्रमाने जातात, आधी रॉड घेतात.

हा लेख सोलापूर, पंढरपूर, टेंभुर्णीकडच्या त्या मंडळींसाठी आहे ज्यांना गळाची सवय आहे पण खाऱ्या पाण्याची नाही. सांगोला, मिरज, कोल्हापूर आणि पुढे राधानगरीवरून फोंडा घाट उतरून मालवण साधारण पावणेचारशे किलोमीटर पडतं. शुक्रवारी रात्री निघून शनिवारी सकाळी गळ टाकायचा बेत बहुतेकजण करतात. तो शक्य आहे, पण कोणत्या शुक्रवारी निघायचं हे सुट्टी पाहून नाही, तिथी पाहून ठरवा.

तिथीवरून भरती

किनाऱ्यावर जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. पहाटे तीनच्या सुमारास भरती पूर्ण, त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी, नऊच्या पुढे ओहोटी पूर्ण, आणि दुपारी साडेतीनच्या आसपास पुन्हा भरती. पौर्णिमेला किंवा अमावस्येला पंधरा गुणिले पाऊण, सव्वाअकरा. आपल्या सोलापूरचंच दाते पंचांग भिंतीवर असतं, त्यात तिथी बघितली की आराखडा तयार. हा हिशेब ढोबळ आहे. अर्धा-पाऊण तास, कधी त्याहूनही जास्त, इकडेतिकडे होतं. त्यामुळे सहल ठरवायला पंचांग आणि प्रत्यक्ष पाण्यात उतरायला मोबाइलवरचं मालवणचं भरती-ओहोटीचं कोष्टक, अशी वाटणी करा.

भरती किती चढते हेही तिथीवरच. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. मालवणकडे उधाणाला पाण्याच्या पातळीत दोन मीटरच्या आसपास फरक पडतो, भांगाला त्याच्या निम्म्याहूनही कमी. आता यातली खरी कामाची गोष्ट : पाणी सहा तासांत सारख्या वेगाने उतरत नाही. उताराचे बारा भाग धरले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक भाग उतरतो. म्हणजे दोन मीटरच्या उधाणाला तिसऱ्या आणि चौथ्या तासात पाणी प्रत्येकी अर्धा मीटर खाली जातं आणि खाडीच्या तोंडाशी नदीसारखं धावतं. चतुर्थीला हे दोन तास पहाटे पाच ते सातच्या दरम्यान येतात. उजाडण्याची वेळ आणि धावतं पाणी एकत्र आलं, याहून चांगला योग नाही. म्हणून खाडीसाठी तृतीया ते पंचमी धरून निघा. अष्टमी-नवमीला पाणी मंद असतं. ते दिवस खोल समुद्रात तळाला गळ सोडायला बरे, कारण तेव्हा कमी वजनाचं शिसंही तळाला टिकतं.

हंगाम ऑक्टोबर ते मे. पावसाचा गढूळपणा गेला की ऑक्टोबरच्या मध्यापासून पाणी निवळतं. डिसेंबर ते फेब्रुवारी सकाळी मतलई वारा जमिनीकडून येतो आणि समुद्र ताटासारखा सपाट असतो. दुपारी खारा वारा उठला की लहान होडीत बसणं शिक्षा होते. मे संपता संपता लाटांची उंची वाढते. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते आणि राज्य सरकार ती मुदत पुढे वाढवू शकतं, त्यामुळे ऑगस्टचा बेत करताना आधी चौकशी करा.

कुठे गळ टाकायचा नाही

सिंधुदुर्ग किल्ला ज्या कुरटे बेटावर उभा आहे, त्याच्या भोवतीचे खडक पाहून कुणालाही गळ टाकावासा वाटेल. टाकू नका. मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, एकूण २९.१२ चौरस किलोमीटर. त्यातलं ३.१८ चौरस किलोमीटरचं गाभा क्षेत्र किल्ला आणि पद्मगडाच्या परिसरात आहे. होडीवाल्याने "सगळे टाकतात" असं म्हटलं तरी दंड तुम्हालाही होऊ शकतो. देवबाग-तारकर्ली, आचरा, तोंडवळी, निवती अशी पुरेशी मोठी किनारपट्टी पडली आहे. पण अभयारण्याची हद्द किनाऱ्याकडेही येते, म्हणून नेमकी जागा वनविभागाच्या स्थानिक कार्यालयात किंवा जुन्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, विचारूनच पक्की करा.

वन्यजीव संरक्षण कायद्याखाली सर्व समुद्री कासवं, देवमुशी म्हणजे व्हेल शार्क, करवत मासा, समुद्रघोडा आणि महाकाय गोब्रा संरक्षित आहेत. चुकून गळाला लागलंच तर पाण्यातच ठेवून दोरा शक्य तितका तोंडाजवळ कापायचा. फोटोसाठी होडीत ओढायचं नाही. शिवाय २०२३ मध्ये महाराष्ट्राने ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला आहे. त्याचा तक्ता मोबाइलमध्ये ठेवा आणि डब्याच्या झाकणावर मोजपट्टी चिकटवा.

खाडी : तांबोशी आणि जिताडा

कर्ली नदी देवबागला समुद्राला मिळते तो संगम, कोळंबची खाडी, आचऱ्याची खाडी, कालावलची खाडी, या सगळ्यांचं गणित एकच. पाणी जिथे अरुंद होतं, वळतं किंवा अडतं, तिथे मासा. पुलाचा खांब, कांदळवनाची मुळं, जेट्टीची सावली, बुडालेला खडक. खांबाच्या ज्या बाजूला पाणी आदळतं त्या बाजूला आणि मागच्या शांत भोवऱ्याच्या कडेला पहिले दहा फेक टाका. काही हाललं नाही तर पुढच्या खांबाकडे जा. एका जागी वीस मिनिटांच्या वर थांबणं ही उजनीची सवय आहे.

सामान असं :

रॉड सात फुटी, मध्यम ताकदीचा, १० ते ३० ग्रॅमचं आमिष फेकणारा. स्पिनिंग रीळ ३००० किंवा ४००० आकाराचं. त्यावर २० पौंडांची ब्रेडेड, म्हणजे विणलेली, लाइन, १५० मीटर पुरे. तिच्या टोकाला दीड मीटर फ्लुरोकार्बनचा लीडर, म्हणजे जाड एकेरी दोरा : उघड्या वाळूवर ३० पौंड, खडक आणि कालवांच्या जागी ४०, जिताड्याच्या जागी ५०. जिताडा, म्हणजे तिकडचा खजुरा, याच्या कल्ल्याची कड वस्तऱ्यासारखी असते. पातळ तंगूस तर कापतेच, तुमचं बोटही कापते.

ब्रेडेड लाइन गुळगुळीत रिळावर सरळ गुंडाळली तर ती आतल्या आत घसरते. बाहेरून ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, घट्ट वाटतो आणि मासा लागला की अख्खा गठ्ठाच फिरतो. आधी दहा-बारा मीटर साधी नायलॉनची तंगूस गुंडाळा, मग गाठ मारून ब्रेडेड भरा. भरताना ओल्या फडक्यातून ताण देऊन भरायची. सैल भरली की तिसऱ्या-चौथ्या फेकीला गुंता होतो, आणि तो गुंता नखांनी सुटत नाही, कात्रीच लागते. रिळाच्या कडेपासून दोन मिलिमीटर खाली थांबा.

ब्रेडेड आणि लीडर जोडायला एफजी गाठ सर्वांत बारीक होते, रॉडच्या कड्यांतून सहज जाते. दोन्ही बाजूंना मिळून वीस वेढे, वर चार-पाच अर्ध्या गाठी, आणि ओढल्यावर ब्रेडेडचा रंग गडद होऊन ती लीडरमध्ये रुतलेली दिसली पाहिजे. रुतली नसेल तर ती सुटणार. वाऱ्यात, हलत्या होडीत ही गाठ जमत नाही. तेव्हा दुहेरी युनी गाठ मारा : ब्रेडेडचे आठ वेढे, लीडरचे चार. कोणतीही गाठ आवळण्याआधी थुंकी लावा. कोरडी आवळली की घर्षणाने तंगूस आतून जळते, दिसत काही नाही, तुटते मात्र तिथेच. या गाठी सोलापुरात घरी पंख्याखाली पन्नास वेळा मारून जा. पहाटे पाचला देवबागच्या वाळूत बॅटरीच्या उजेडात शिकायची ही गोष्ट नाही.

ड्रॅग हाताने अंदाजे लावू नका. सामान तोलायचा लहान डिजिटल काटा घ्या, लाइन रॉडच्या कड्यांतून काढून काट्याला बांधा, रॉड नेहमीच्या कोनात धरा आणि काटा ओढा. लाइनच्या ताकदीच्या चौथ्या भागाला रीळ सुटायला हवं. २० पौंडांची लाइन म्हणजे ९ किलो, तर ड्रॅग सव्वादोन किलोच्या आसपास. ३० पौंडांना साडेतीन किलो. तांबोशीच्या जागी मात्र थोडा जास्त. कारण तांबोशी आमिष घेतल्यावर पहिल्या दोन सेकंदांत आपल्या बिळात परत जाते. तिला खेळवायचं नसतं. रॉड खाली, कडेला आणि दणादण रीळ. जिताड्याचं उलट आहे. तो उडी मारून डोकं झटकतो. त्या क्षणी रॉडचं टोक पाण्याकडे झुकवलं तर गळ टिकतो, वर ताणून धरला तर उडून जातो.

आमिषांत सुरुवातीला तीनच गोष्टी घ्या. चार इंची मऊ रबरी मासा, १०, १४ आणि २० ग्रॅमच्या जिगहेडवर, म्हणजे शिशाचं डोकं असलेल्या गळावर. ९० ते ११० मिलिमीटरचा तरंगणारा कडक लाकडी किंवा प्लॅस्टिकचा मासा. आणि जिवंत कोळंबी. रबरी मासा प्रवाहाच्या वरच्या बाजूला तिरका फेका, तळाला टेकू द्या आणि दोन वेळा उचलून पुन्हा पडू द्या. चावा बहुतेक वेळा पडताना येतो, म्हणून पडतानाही लाइन जराशी ताणलेली हवी. जिगहेड तळाला पोचतच नसेल तर वजन वाढवा. प्रत्येक फेकीला अडकत असेल तर कमी करा. २० ग्रॅमही वाहून जात असेल तर पाण्याचा जोर फार आहे, अर्धा तास थांबा.

कोळंबी गळाला लावताना डोक्यावरच्या काट्याच्या जरा खालून गळ आडवा काढा. आत काळा ठिपका दिसतो, त्याला टोक लागलं की कोळंबी मेली. गळ १/० ते ३/० गोल वळणाचा, म्हणजे सर्कल हूक. याला झटका द्यायचा नाही. लाइन चालायला लागली की फक्त हळूहळू घट्ट करा, गळ आपोआप ओठाच्या कोपऱ्यात बसतो. चिलापीला झटका देण्याची सवय असलेला हात इथे दहापैकी आठ मासे घालवतो.

कडक आमिषांवरचे तीन टोकांचे गळ दुकानातून येतात ते बहुधा गोड्या पाण्याचे पातळ असतात. तांबोशी ते सरळ करते, आणि खारं पाणी ते आठवड्यात गंजवतं. त्या जागी १/० किंवा २/० चे जाड, टिन-लेपाचे एकेरी गळ लावा. खडकात कमी अडकतात, माशाच्या तोंडातून लवकर निघतात, आणि तुमच्या हातातूनही.

खडप आणि वाळू

खडपावरून, म्हणजे किनाऱ्याच्या खडकांवरून, गरवणं देखणं दिसतं आणि दर वर्षी माणसं घेतं. खडकावर कालवांची पांढरी रेघ आणि त्यावर काळसर शेवाळाचा पट्टा असतो. ओल्या शेवाळाच्या खाली पाय ठेवायचा नाही. उतरण्याआधी पंधरा मिनिटं नुसतं उभं राहून लाटा बघा. लाटा सारख्या येत नाहीत, मधूनच तीन-चार मोठ्या येतात. त्या ज्या उंचीपर्यंत भिजवतात, त्याच्या वर उभं राहा. भरतीच्या वेळी मागची वाट पाण्याखाली जाते का हे आधी पाहून ठेवा. नऊ-दहा फुटी रॉड, ५००० आकाराचं रीळ, ३० पौंड ब्रेडेड, ४० ते ५० पौंड लीडर, ३० ते ६० ग्रॅमचं आमिष. रबरी चपला नको, खाली पकड असलेले बूट हवेत.

वाळूचं काम सोपं, आणि लहान मुलं सोबत असतील तर हेच करा. तारकर्लीच्या किनाऱ्यावर लाटा फुटतात त्याच्या आत, वाळूच्या दोन उंचवट्यांमध्ये गडद रंगाचा चर दिसतो. मुडदुशे तिथे असतात, पाण्यात शिरून लांब फेकणाऱ्याच्या पायामागे. ६ ते ८ क्रमांकाचा बारीक गळ, २० ग्रॅम शिसं, सोललेल्या कोळंबीचा नखाएवढा तुकडा, फेक वीस-पंचवीस मीटर. भरतीचं पाणी चढताना. पाण्यात चालताना पाय उचलून टाकू नका, घासत चाला. वाळूत पाकट दबून बसलेली असते, पाय घासला की निघून जाते, पाय पडला की शेपटीचा काटा मारते.

होडीने बाहेर : सुरमई, गोब्रा, कुपा

होडी ठरवताना पाच गोष्टी विचारा. प्रत्येकाला लाइफ जॅकेट आहे का? दुसरं इंजिन आहे का? वायरलेस आहे का, की फक्त मोबाइल? इंधन आणि बर्फ भाड्यात धरलाय का? आणि मिळालेला मासा कुणाचा? शेवटचा प्रश्न संकोचाने कुणी विचारत नाही आणि जेट्टीवर परतल्यावर वाद तिथेच होतो. काही ठिकाणी भाडं पूर्ण दिलं तरी मोठा मासा होडीचा असा रिवाज असतो. तो मान्य नसेल तर आधी बोलून घ्या. तांडेलाशी बोलताना खोली मीटरमध्ये विचारू नका, वावात विचारा. एक वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्याची लांबी, साधारण १.८ मीटर. अर्ध्या दिवसाच्या होडीला ८ ते १५ वाव पाणी पुरेसं आहे.

आदल्या संध्याकाळी हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती केंद्राचा समुद्रस्थितीचा अंदाज आणि हवामान खात्याचा इशारा पाहा. लहान फायबर होडीसाठी लाट दीड मीटरच्या वर किंवा वारा ताशी २८ किलोमीटरच्या वर असेल तर जाऊ नका. इन्कॉइस संभाव्य मासेमारी क्षेत्रंही देतं, उपग्रहाने मोजलेलं पृष्ठभागाचं तापमान आणि हरितद्रव्य यांवरून. ती क्षेत्रं पुष्कळदा एका दिवसाच्या होडीच्या पल्ल्याबाहेर असतात, पण दिशा कळते. खाडीच्या तोंडावरून ओहोटीच्या जोरात बाहेर पडताना समोरून लाट येत असेल तर लाटा उंच, उभ्या चढतात. तिथे घाई करणाऱ्या तांडेलापेक्षा अर्धा तास थांबणारा तांडेल निवडा.

सुरमईसाठी, मालवणीत इसवणासाठी, होडी चालती ठेवून मागे आमिष ओढायचं. वेग ताशी ९ ते १३ किलोमीटर. १४० ते १८० मिलिमीटरचे बुडणारे कडक मासे, एक २० मीटर मागे, दुसरा ३५ मीटर मागे. दोन्ही एकाच अंतरावर ठेवले की पहिल्याच वळणावर गुंतणार. रॉड ३० ते ५० पौंडांचा, ड्रॅग साडेतीन-चार किलो, रॉड खोबणीत आणि रॉडला सुरक्षादोरी. रॉडचं टोक एकसारखं थरथरत असेल तर आमिष नीट चालतंय. थरथर बंद पडली की त्याला शेवाळ लागलं आहे, ओढून साफ करा. बराच वेळ मासा नाही म्हणून वैतागणाऱ्यांच्या आमिषावर निम्म्या वेळा हेच निघतं.

सुरमईचे दात तंगूस ठेवत नाहीत. ३० ते ४५ सेंटिमीटर एकेरी स्टीलची तार हवी, ४० ते ६० पौंडांची. तारेला साधी गाठ बसत नाही. हेवायर पीळ द्यायचा : दोन्ही तारा एकमेकींभोवती चार वेळा सारख्या पिळायच्या, मग मोकळं टोक मुख्य तारेभोवती काटकोनात पाच वेढे, आणि टोक पक्कडीने न कापता वाकवून मोडायचं. कापलं तर काटा राहतो आणि तो हात फाडतो. सुरमई आमिषाला शेपटाकडून चावते, त्यामुळे मागचा गळ शाबूत आणि धारदार हवा. नखावर टोक टेकवून ओढा, घसरलं तर घासा.

मासा लागला की तांडेलाने होडी एकदम थांबवू नये, वेग हळूहळू कमी करावा. थांबवली की लाइन सैल पडते आणि सुरमई सुटते. पहिली धाव तिला धावू द्या. अंगठ्याने रीळ दाबणाऱ्याचा अंगठा भाजतो.

एक सक्त गोष्ट. पाण्यावर थर्माकोलचे तुकडे, बाटल्या किंवा झेंडे रांगेत दिसले की खाली कुणाचं तरी जाळं आहे. त्यावरून आमिष ओढत गेलात तर तुमचे गळ जातील आणि त्याचं जाळं फाटेल. तुमचे दोन हजार, त्याचा महिना. लांबून वळसा घाला.

तळाच्या गोब्र्यासाठी (संरक्षित महाकाय जात सोडून) होडी बुडालेल्या खडकाच्या वरच्या बाजूला, प्रवाहात वाहत यायला सोडा. ८० ते १५० ग्रॅम शिसं, ६० पौंड लीडर, ४/० ते ६/० सर्कल हूक, त्यावर तारलीचा अर्धा तुकडा किंवा म्हाकुलाची, म्हणजे स्क्विडची, पट्टी. शिसं लीडरपेक्षा पातळ तंगुसाने बांधा. खडकात अडकलं तर फक्त शिसं जाईल. तळ लागला की लगेच एक वाव वर घ्या. जिगिंग, म्हणजे धातूचं वजनदार आमिष तळाशी वरखाली झटकणं, करायचं असेल तर दर दहा मीटर खोलीला ३० ग्रॅम असा हिशेब धरा : २० मीटरला ६० ग्रॅम, ३० मीटरला ९०. प्रवाह जोरात असेल तर पुढचं वजन. लाइन पाण्यात तिरकी जायला लागली की तळाशी तुमचा संबंध सुटला असं समजा. गुंडाळून पुन्हा सोडा.

आमिष परत आलं आणि त्यात अर्धचंद्राकार स्वच्छ चावा असेल, किंवा लाइन विनाकारण कापली गेली असेल, तर केंड मासे आलेत. त्यांची चोच कशालाही कापते. जागा बदला. केंड गळाला लागला तर खाऊ नका, दुसऱ्यालाही देऊ नका. त्यातलं विष शिजवून जात नाही.

होडी लागणाऱ्यांसाठी : डॉक्टरांना विचारून घेतलेली गोळी निघण्याआधी किमान तासभर घ्यायची. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी समुद्राला जाते. पोट रिकामं नको, तेलकटही नको. आपली ज्वारीची कडक भाकरी होडीवर उत्तम चालते. शेंगाची चटणी परत आल्यावर. नजर क्षितिजावर ठेवा, मोबाइलमध्ये नाही, आणि धुराच्या बाजूला बसू नका.

हाताळणी आणि जखमा

सोलापुरी टॉवेल इथे कामाला येतो. पाण्यात भिजवून मासा धरा. कोरड्या टॉवेलने अंगावरचा चिकट थर निघतो आणि सोडून दिलेला मासा नंतर मरतो. शिंगाळ्याला हात लावण्याआधी पाठीवरचा आणि दोन्ही कल्ल्यांजवळचे काटे पाहा. काटा लागलाच, किंवा पाकटीचा बसला, तर जखम धुऊन सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४० ते ४५ अंशांच्या, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा आणि मग डॉक्टर. उष्णतेने वेदना बरीच उतरते. पाणी दुसऱ्याने हाताने तपासावं, दुखणाऱ्या हाताला भाजणं कळत नाही. काटा छातीत, पोटात किंवा मानेत बसला असेल तर ओढून काढू नका, थेट रुग्णालय. ब्रेडेड लाइन हाताला गुंडाळून कधीही ओढायची नाही. अडकलेला गळ सोडवायचा असेल तर ती लाकडाच्या दांड्याला गुंडाळा.

मासा सोलापूरपर्यंत नेणं

सुरमई, बांगडा, कुपा (ट्यूना) या माशांना उन्हात दोन तास ठेवलं तर त्यांच्यात हिस्टामाइन तयार होतं, आणि ते नंतर थंड करूनही, शिजवूनही जात नाही. अंग लाल, डोकं ठणकणं, पुरळ. लोक त्याला "समुद्राचा मासा मानवला नाही" म्हणतात. मानवला नाही असं नसतं, बर्फ उशिरा घातलेला असतो.

पकडल्याबरोबर कल्ल्याजवळची शीर कापून समुद्राच्या पाण्यात रक्त जाऊ द्या. मग दोन भाग बर्फ आणि एक भाग समुद्राचं पाणी अशा काल्यात टाका. नुसत्या बर्फापेक्षा हा काला लवकर गार करतो, कारण तो सगळीकडून चिकटतो. जेट्टीवर आल्यावर पोट आणि कल्ले काढा, समुद्राच्या पाण्याने धुवा, पिशवीत बांधा आणि जाड थर्माकोलच्या डब्यात बर्फाचा थर, मासा, पुन्हा बर्फ असं रचा. थंडीत एक किलो माशाला एक किलो बर्फ, एप्रिल-मेमध्ये दीड. डब्याला खाली भोक आणि बूच हवं. वितळलेल्या पाण्यात मासा भिजत राहिला की मऊ पडतो. कोल्हापुरात थांबून पाणी काढा, बर्फ भरा. मिरजेच्या पुढे ऊन चढलं की तो बर्फ पुरत नाही.

सामानाचं मीठ मात्र मालवणलाच उतरवा. सोलापूरला जाऊन नळाच्या पाण्याच्या दिवसाची वाट बघत बसलात तर तोवर रिळाचे बेअरिंग घट्ट झालेले असतात. रिळाचा ड्रॅग आधी पूर्ण आवळा, म्हणजे पाणी वॉशरमध्ये शिरत नाही. मग हलक्या धारेने गोडं पाणी सोडा, जोराचा फवारा नको, तो मीठ आत ढकलतो. पुसून ड्रॅग पूर्ण सैल करा आणि सावलीत वाळवा. रॉडच्या कड्यांच्या आतून कापूस फिरवा. धागा अडकला तर कडं चिरलंय, ते पुढच्या वेळी ब्रेडेड कापणार. लीडरचा शेवटचा एक मीटर बोटांतून ओढून पाहा, खरखरीत लागला तर फेकून द्या. वापरलेले गळ नव्या गळांच्या डबीत टाकू नका, एक गंजका गळ आठवड्यात सगळी डबी खातो. लीडर नव्याने बांधायचं काम सोलापूरला पोचल्यावर करा, आणि कडं चिरलं असेल तर रॉड पुढच्या तृतीयेच्या आत दुरुस्तीला टाका.